आधी फाटक मोजा, मग पोकलेन मागवा

"ताई, पोकलेन तासाला काय घेता?"

दिवसाला आठ-दहा फोन येतात आणि बहुतेक सगळे याच वाक्याने सुरू होतात. मी दर सांगत नाही. उलट विचारते, "फाटक किती फुटी आहे?" समोरचा क्षणभर गप्प होतो. त्याला खड्डा खणायचाय आणि ही बाई फाटकाचं विचारतेय.

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे आमचं पत्र्याचं ऑफिस आहे. मशीनं सासऱ्यांनी उभी केली, साइट नवरा बघतो, आणि फोन, डायरी, डिझेलचा हिशेब गेली चौदा वर्षं माझ्याकडे. मी स्वतः कधी लिव्हर धरला नाही. पण कुठल्या साइटवरून मशीन हसत परत आलं आणि कुठून भांडण घेऊन आलं, ते सगळं डायरीत आहे. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे पिवळं दिसलं की जेसीबी आणि चेनवर चाललं की पोकलेन. दोन्ही मुळात कंपन्यांची नावं. पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी, तिच्या रचनेची मशीनं एकेकाळी लार्सन अँड टुब्रोने भारतात बनवली आणि कंपनीचं नाव यंत्रालाच चिकटलं. आज दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं असो, आपण पोकलेनच म्हणतो. जेसीबी म्हणजे टायरवरचं, पुढे मोठं खोरं आणि मागे खणायचा हात असलेलं. पोकलेन म्हणजे चेनवरचं, अख्खं वरचं अंग गोल फिरणारं. पोकलेनवर जो आकडा लिहिलेला असतो तो बहुतेक कंपन्यांत वजनाचा वर्ग सांगतो: ७० म्हणजे साधारण ७ टन, १४० म्हणजे १४, २०० किंवा २१० म्हणजे २० ते २१ टन. आमच्याकडे दोन जेसीबी, एक ३ टनी मिनी, आणि ७, १४ व २० टनी प्रत्येकी एक आहे. ३० टनांच्या वरची मशीनं खाणीत आणि धरणाच्या कामावर शोभतात. घर, बंगला, शेततळं, ड्रेनेज यासाठी कुणी तुम्हाला ती गळ्यात मारत असेल तर त्याचं मशीन रिकामं उभं आहे असं समजा.

आता फाटक. पाच-सहा वर्षांपूर्वी जुन्या नाशकात, भद्रकालीच्या आतल्या अंगाला एका वाड्याची जागा खोदायची होती. मालक फोनवर म्हणाले, "गाडी आरामात आत येते." मी विश्वास ठेवला आणि ७ टनी पाठवलं. त्यांची गाडी म्हणजे मारुती होती. ट्रेलर मेन रोडच्या अलीकडेच अडकला. मशीन तिथेच उतरवून चेनवर चालवत नेऊ म्हटलं, तर दुसऱ्या वळणावर एका घराचा सज्जा आणि समोरच्या घराचा ओटा यांच्यामध्ये पुरती सात फूटही जागा नव्हती. आमचं मशीन साडेसात फूट रुंद. चार तास गल्ली बंद, दोन्ही बाजूंना दुचाक्यांची रांग, आणि एक आजी ओट्यावर बसून ऑपरेटरला सांगतायत, "अरे, जरा तिरकं घे ना!" मशीन परत आलं. येण्या-जाण्याचं भाडं कुणी द्यायचं यावर मालकांशी वाजलं. चूक माझीच होती, मी फूट विचारले नव्हते. शेवटी अर्धं अर्धं केलं आणि दुसऱ्या दिवशी मिनी पाठवलं. ते पाच फुटी असतं, वाट काढत गेलं.

तेव्हापासून मी व्हिडिओ मागते. मोठ्या रस्त्यापासून प्लॉटपर्यंत चालत या, मोबाइल चालू ठेवून. सगळ्यात अरुंद जागी टेप धरा. वर तारा दिसतील तिथे मोबाइल वर करा. २० टनी मशीन एकटं सुमारे १० फूट उंच आणि ९ ते १० फूट रुंद असतं. ट्रेलरवर चढलं की उंची १३ फुटांच्या वर जाते. ट्रेलर आणि घोडा (त्याला ओढणारी पुढची गाडी) मिळून ४० फुटांपेक्षा लांब, त्याला वळायला चौक लागतो. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत हा प्रश्न येत नाही. गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्यांत येतो, पंचवटीत तर येतोच.

फाटकातून आत आल्यावर मशीनला फिरायलाही जागा लागते. २० टनीचं मागचं वजन मधल्या खुंटापासून सुमारे ९ फूट मागे जातं. म्हणजे खणून माती बाजूला टाकताना मागे कंपाउंडची भिंत ९ फुटांच्या आत असेल तर ती गेली. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घर आणि कंपाउंडमधल्या पट्टीत, टाकी किंवा नाली खणायची असेल तर म्हणूनच मिनी घ्या. त्यातल्या काहींचं मागचं अंग फिरताना चेनच्या बाहेर फारसं जात नाही. आणि रबरी चेन असली तर सोसायटीचे पेव्हर ब्लॉकही वाचतात. लोखंडी चेन काँक्रीटच्या रस्त्यावर फिरली की काय होतं ते एकदा सोसायटीच्या चेअरमनने मला प्रत्यक्ष बोलावून दाखवलं होतं. आता ट्रेलरवर जुने टायर ठेवलेलेच असतात, चेनखाली टाकायला.

पुढचा प्रश्न: खाली काय आहे? नाशिक बेसाल्टवर बसलंय, पण तो किती खाली आहे हे शेजारशेजारच्या दोन प्लॉटमध्येही वेगळं निघतं. वर काळी माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या दगड, कुठे गेरूचा लाल पट्टा, आणि मग काळा पाषाण. मुरूम आणि पाषाणात मशीनची निवड पूर्ण बदलते. ७ टनी मुरुमात छान चालतं, पण एकसंध पाषाणावर त्याचं बकेट नुसतं नखं घासतं. तिथे ब्रेकर लागतो, म्हणजे बकेटच्या जागी लावायचा दगडफोड्या हातोडा. ब्रेकरही मशीनच्या वजनाप्रमाणे लहान-मोठा येतो. जेसीबीला किंवा ७ टनीला लावलेला छोटा ब्रेकर सुटे धोंडे आणि जुनं काँक्रीट फोडायला ठीक आहे. बेसमेंटभर पाषाण असेल तर २० टनीच आणा. लहान मशीनवर दगड फुटेल, पण महिना जाईल.

दगड किती खाली आहे हे कळायला एक फुकटची युक्ती सांगते. शेजाऱ्याच्या बोअरला केसिंग किती फूट टाकलं ते विचारा. केसिंगचा पाइप ढासळणाऱ्या मऊ थरातून खाली घट्ट दगड लागेपर्यंत टाकतात. १५ फूट केसिंग म्हणाले तर साधारण तेवढ्यापर्यंत बकेट चालेल, पुढे ब्रेकर. पाइपाचे पैसे फुटावर दिलेले असतात, म्हणून हा आकडा कुणी विसरत नाही. हे जमलं नाही तर तासाभरासाठी जेसीबी बोलवून प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्या. मोठं मशीन येऊन दगडावर टेकून उभं राहण्यापेक्षा तो एक तास स्वस्त पडतो. आणखी एक, बकेट काढून ब्रेकर लावायला आणि परत बकेट लावायला प्रत्येक वेळी पाऊण-एक तास जातो. दगड जास्त असेल तर एक फोडायला आणि एक भरायला अशी दोन मशीनं एकत्र बोलवा.

आता हिशेब. लोकांना वाटतं मोठं मशीन म्हणजे काम लवकर. माती कुठे जाणार त्यावर ते आहे.

गेल्या वर्षीचं मखमलाबाद रोडचं उदाहरण घ्या. बंगल्याचं बेसमेंट, ४० बाय ६० फूट, खोली १० फूट. म्हणजे २४,००० घनफूट, १०० घनफुटांचा ब्रास धरला तर २४० ब्रास. पण जमिनीतली माती सुटी झाली की फुगते, मुरूम साधारण पाव पटीने तरी वाढतो. म्हणजे उचलायचे ३०० ब्रास. एक हायवा (मोठा डंपर) पाचेक ब्रास नेतो, म्हणजे ६० खेपा. त्यांच्याकडे तीन हायवा होत्या आणि टाकायची जागा अशी की एक फेरी तासाची. तासाला तीन खेपा, ६० खेपांना २० तास. यात मशीनचा आकार कुठेच आला नाही, बघा. २० टनी एक हायवा पाच-सहा मिनिटांत भरतं, १४ टनी नऊ-दहा मिनिटांत. तासाला तीनच हायवा येणार असतील तर २० टनी पाऊण तास नुसतं धूर काढत उभं राहणार आणि १४ टनी अर्धा तास. काम दोघांनाही २० तासांचंच. मालकांचा आग्रह २० टनीचा होता, कारण शेजाऱ्याकडे तेच आलं होतं. मी १४ टनी दिलं. माझा धंदा कमी झाला, पण ते आता तिसऱ्यांदा काम देतायत.

त्यांच्याकडे सहा-सात हायवा असत्या तर मीच २० टनी म्हटलं असतं. उलट, गल्लीतल्या साइटवर ट्रॅक्टर-ट्रॉल्याच जात असतील तर ७ टनी घ्या. ट्रॉलीत एखाद-दुसरा ब्रास बसतो, तिच्यावर २० टनीचं बकेट ओतलं की स्प्रिंगचे पाटे खाली बसतात. आणि हो, माती जागेबाहेर न्यायची तर गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून आधी काढा. शहरात अवजड गाड्यांना कुठल्या रस्त्यावर कुठली वेळ आहे तेही विचारून ठेवा, नाहीतर हायवा नाक्यावर आणि मशीन खड्ड्यात.

शेततळ्याचं गणित बरोबर उलटं. तिथे माती बाहेर जातच नाही, बांधावर पडते. हायवाची वाट बघायची नाही, म्हणून मोठं मशीन सलग चालतं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल हे माप गावोगाव तोंडपाठ झालंय. दीडास एक उतार (एक फूट खोलीला दीड फूट आडवं) धरला तर त्यात १,९७१ घनमीटर माती निघते, सुमारे ७०० ब्रास. आमच्या डायरीप्रमाणे २० टनी मुरमाड जमिनीत तासाला ६० ते ७० घनमीटर करतं, ७ टनी वीसच्या आसपास. म्हणजे ३० तास विरुद्ध जवळपास १०० तास. समजा ७ टनीचा दर १,००० आणि २० टनीचा २,००० असेल, तर दुप्पट दराचं मशीन ६० हजारांत तळं करून देतं आणि अर्ध्या दराचं एक लाखात.

सिन्नरकडच्या एका शेतकऱ्याला मी एकदा ७ टनीच पाठवलं होतं. २० टनी दुसरीकडे अडकलेलं आणि त्यांनाही कमी दर बरा वाटला. अकरा दिवस लागले. तळ्याच्या मधली माती एका झटक्यात बांधावर पोचत नाही. लहान हाताला ती दोनदा, कधी तीनदा उचलावी लागते, हे मी धरलंच नव्हतं. दहाव्या दिवशी वळवाचा पाऊस आला आणि तळ्यात गुडघाभर चिखल झाला. त्यांनी मला काही बोललं नाही, फक्त बिल देताना दोनदा मोजलं. ते जास्त लागलं.

तळं खणून झाल्यावर प्लास्टिकचा कागद अंथरण्याआधी उतार घासायला दाताचं बकेट नको, सपाट पट्टीचं बकेट मागा. दातांनी ओरखडलेल्या उतारातून टोकदार दगड वर राहतात आणि प्लास्टिक तिथेच फाटतं. हे बुकिंगच्या वेळीच सांगा, सपाट बकेट प्रत्येक मशीनबरोबर येत नाही.

निफाडकडची काळी जमीन असेल तर आणखी एक गंमत. लोक म्हणतात, "पाऊस झालाय, हलकी जेसीबी पाठवा, जड पोकलेन रुतेल." होतं उलट. जेसीबी साडेसात टनांचं, पण सगळा भार चार टायरांच्या टेकलेल्या जागेवर. २० टनी पोकलेनचा भार दोन लांब चेनवर पसरतो, चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या आत. रुततं ते जेसीबी, आणि मग ते काढायला पोकलेनच बोलवावं लागतं. वाफसा येईपर्यंत थांबता आलं तर थांबा. द्राक्षबागेत ओळींमधून जायचं असेल तर अर्थातच मिनीशिवाय पर्याय नाही.

खोलीबद्दल मी मुद्दाम उशिरा बोलतेय, कारण लोक त्यावरूनच सुरुवात करतात. ढोबळ आकडे असे: ३ टनी ९ फूट, ७ टनी १३, जेसीबी १५, १४ टनी १८, आणि २० टनी २१ ते २२ फूट. ७ टनी पोकलेन जेसीबीपेक्षा कमी खोल जातं, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. पण हे कागदावरचे आकडे, हात पूर्ण खाली सोडून एका टोकाला मिळणारे. तळ सपाट काढायचा तर त्यातून दोन-तीन फूट वजा करा.

एवढी खोली नसली तरी मशीन खड्ड्यात उतरून खणू शकतं, रॅम्प करून. इथेच खरी मेख आहे. चारास एक उताराचा रॅम्प धरला तर १० फुटी खड्ड्याला ४० फूट लांब रॅम्प लागतो. लहान प्लॉटवर तो रॅम्प खड्ड्याच्या पोटातच येतो. शेवटी मशीन मागे मागे सरकत तोच रॅम्प खात वर येतं, आणि वर पोचल्यावर उरलेला तुकडा काठावर उभं राहून तळापर्यंत हात घालून काढावा लागतो. त्या एका तासासाठी खोली लागते. मखमलाबाद रोडवर ७ टनी न देण्याचं हेही कारण होतं. एका साइटवर दुसऱ्या कुणाचं तरी लहान मशीन रॅम्प अर्धा सोडून निघून गेलं आणि उरलेली माती मजुरांनी पाट्यांनी वर काढली. नंतर ते गृहस्थ आमच्याकडे आले ते आधी शिव्या देऊन, मग बुकिंग करून.

काठावर मशीन उभं करताना शेजाऱ्याच्या भिंतीचा पाया किती खोल आहे ते इंजिनिअरला विचारा. खणलेली माती काठावरच रचू नका. वर तारा असतील तर लक्षात ठेवा, २० टनीचा हात ३० फुटांच्याही वर जातो. महावितरणला कळवून लाइन बंद घ्यावी लागली तर घ्या. जमिनीखालच्या केबलसाठी दूरसंचार विभागाने २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलंय, रस्त्यालगत खणायचं असेल तर त्यावर नोंद करा. गॅसची आणि पाण्याची लाइन तरीही हातानेच चाचपा.

दराचं थोडक्यात. डिझेलसह की डिझेल तुमचं, हे पहिल्याच फोनला ठरवा. डिझेल तुमचं असेल तर साधारण अंदाज ठेवा: ७ टनी तासाला ५ ते ७ लिटर, १४ टनी ८ ते १०, २० टनी १२ ते १५. दगडात जास्त. ट्रेलरचं येणं-जाणं वेगळं असतं, म्हणून बहुतेक जण कमीत कमी तासांची अट घालतात. दोन तासांचं काम असेल तर पोकलेन बोलवूच नका, जेसीबी स्वतःच्या चाकांवर येतं आणि स्वतःच्या चाकांवर जातं. ब्रेकरचा दर बकेटपेक्षा जास्त असतो. छिन्नी तुटली तर कुणाची, तेही बोलून घ्या, नाहीतर दगडापेक्षा तीच महाग पडते. सकाळी काम सुरू होताना आणि संध्याकाळी बंद होताना मशीनच्या तासांच्या मीटरचा फोटो काढा, ऑपरेटरच्या समोर. आमचा ऑपरेटर चिडत नाही, चिडला तर मला सांगा.

हंगामाचंही बघा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच जूनच्या आत तळं हवं असतं आणि २०२७च्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे मोठी मशीनं तशीही पटकन मिळत नाहीत. २० टनी हवं असेल तर दोन-तीन आठवडे आधी सांगा. मिनी आणि जेसीबी आदल्या दिवशीही मिळून जातं.

फोन सकाळी आठच्या आत करा. त्यानंतर मशीनं साइटवर गेलेली असतात आणि मी डिझेलच्या रांगेत. फोनच्या आधी व्हिडिओ पाठवला असेल, त्यात टेप दिसत असेल आणि बोअरचं केसिंग किती फूट ते खाली लिहिलेलं असेल, तर दर मी पहिल्याच वाक्यात सांगते.